तीन पाट्या आणि एक भरलेली बाटली

मंगळवारी सकाळी देवपूजा आटोपत होते, तेवढ्यात भाऊंचा कार्यकर्ता दारात. "काकू, आरतीचं ताट घेऊन या, नारळही ठेवा. भाऊंच्या हातून भूमिपूजन आहे."

आमचं गाव अमरावती-अकोला रस्त्यावरचं आणि माझं घर भाजीबाजारासमोर. त्यामुळे बाजारात काहीही असलं की ओवाळायला मीच. भाऊ म्हणजे आमचे आमदार...

काम होतं बायकांच्या स्वच्छतागृहाचं. तीसेक भाजीवाल्या पहाटेच्या एसटीने येतात, अंधार पडल्यावर परत जातात. मधे जायला जागाच नाही. माझ्याकडे या म्हटलं तर "रोज रोज कसं, वयनी" म्हणून लाजतात.

आता मूळ गोष्ट. भाऊ नगरसेवक झाले तेव्हा याच कोपऱ्यात, याच कामाचा नारळ त्यांनी फोडला होता. ताट माझंच. खोटं कशाला बोलू, तेव्हा माणूस धावायचा... पाण्याची लाइन फुटली की पँट दुमडून स्वतः खड्ड्यात उतरायचा. पुढे नगराध्यक्ष झाले, तेव्हा दुसरा नारळ. ताट पुन्हा माझंच.

तिथल्या भिंतीवर भूमिपूजनाच्या पाट्या एकाखाली एक आहेत. परवा तिसरी लागली. भाऊंची अख्खी कारकीर्द तिथे उभ्या उभ्या वाचता येते... दर पाटीला पद मोठं, अक्षरं मोठी, दगड भारी. समोरची जमीन तेवढी तशीच, गाजरगवतासकट.

नारळ फोडला म्हणजे धरणीमातेला शब्द दिला, असं आमच्या घरी मानतात. मी मॅट्रिक शिकलेली बाई, पण एवढं मला कळतं. कळत असून परवाही आल्याबरोबर त्यांना कुंकू लावलंच... भाऊंचा राग आला, त्याहून जास्त माझा आला.

भाषण लांबलं. ऊन कडक, भाऊंचा घसा कोरडा पडला. पाणी मागितलं तर बाटल्यांचा खोका गाडीत आणि गाडी पार स्टँडजवळ.

तेव्हा पुढे बसलेल्या सुमनबाईंनी आपली बाटली दिली. माझ्या दारासमोर मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकतात त्या. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"मावशी, तुम्हाला काही ठेवू का?" भाऊंनी विचारलं.

"प्या नं भाऊ. आमी सकाळी भरून आणतो, संध्याकाळी तशीच वापस नेतो."

"काहून?"

"पाणी पेलं का जा लागते. जाऊ कुठं?" बाई अगदी शांतपणे बोलत होत्या. "डॉक्टरीणबाई रागावली मले. पाणी नाही पेलं तं किडनी जाईन म्हणे. म्हटलं बाई, दोन नारळ फुटले, आता होईनच."

मागे कोणीतरी हसलं. भाऊ बाटली धरून तसेच उभे.

"प्या, प्या. तुमाले बोलाचं हाय अजून."

भाऊ प्यायले. भाषण मात्र तिथेच संपलं. मग त्यांनी नारळासाठी माझ्यापुढे हात केला...

माझ्या हातून तो नारळ सुटेना. म्हटलं, "भाऊ, आधीचे दोन शब्द बाकी आहेत. हा मी देवाजवळ ठेवते. स्वच्छतागृहाला दार बसलं की उंबऱ्यावर फोडू."

"वहिनी, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

फोटो निघाला तो भाऊंच्या रिकाम्या हाताचा. आमचे हे घरी आल्यावर म्हणाले, आता आपल्या गल्लीतला दिवा गेला तर दोन वर्षं लागणार नाही. न लागो.

नारळ देवघरात आहे, रोज पूजेला बसले की समोर दिसतो. वाळून आत खुळखुळायला लागला तरी हलवणार नाही. सुमनबाईंची बाटली अजून संध्याकाळी भरलेलीच परत जाते...

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ज्याच्यामुळे आपण दिवसभर तहानलेल्या राहतो, त्याला तहान लागली तेव्हा त्या बाईने क्षणभरही विचार न करता बाटली पुढे केली. मी इतकी वर्षं पोथी वाचते... मला नसतं जमलं.