लाल वायर आणि मी

परवा पडद्यावरच्या चोराने पुन्हा एकदा लाल वायर कापली. अलार्म गप्प झाला आणि मी कपाळाला हात लावला. अरे बाबांनो, असं होत नाही! मी करून पाहिलंय.

एका दुपारी सेन्सरपुढून पाल फिरली आणि आमचा अलार्म बोंबलू लागला. बंद करायचा आकडा आठवेना. शेजारच्या काकूंचा तापाने फणफणलेला नातू नुकताच झोपला होता. मी सिनेमातल्या ऐटीत कात्रीने लाल वायर कापली. खऱ्या भोंग्याच्या पोटात बॅटरी असते आणि वायर कापणाऱ्यालाच तो चोर समजतो, हे कुठला सिनेमा सांगतो? तो दुप्पट केकाटू लागला.

"अहो, काय केलंत हे?" बायको ओरडली.

"सगळे करतात तेच!"

एका कात्रीत मिटणारा कोलाहल फक्त पडद्यावरच असतो. भोंगा वाजताच धावून येणारे पोलीसही तिथलेच. आमच्या इमारतीत धडाधड खिडक्या लागल्या. आल्या त्या एकट्या काकू, कडेवर रडणारा नातू घेऊन.

"चोर आत असेल तर त्याला सांगा," त्या म्हणाल्या, "हवं ते ने बाबा, पण जाताना हे बंद करून जा. ह्यांना जमणार नाही."