बाईंचा मुराळी गेलाच नाही

मित्रांनो, आज दुपारी लोहाऱ्याहून परत आलो. तेव्हापासून कशातच मन लागून नाही राह्यलं.

साठ-एकसष्टची गोष्ट. घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यावर शाळा सुरू झाली अन् शिकवाले बाई आल्या. मी पहिलीत होतो. मराठीत बाई म्हणजे मास्तरीण. शहरात हिंदी बोलणाऱ्यांच्या घरी बाई म्हणजे मोलकरीण. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बाई म्हणजे बहीण. तांड्यानं आपलाच अर्थ धरला.

त्यांची बदली झाली तेव्हा आमच्या बाया त्यांच्या गळ्यात पडून ढावलो गायल्या. लेक सासरी निघाली की रडत रडत गातात, तोच. माझे बापू हात जोडून म्हणाले, "बाई, दिवाळीले तुले न्यायले मुराळी पाठवतो."

कोणीच गेलं नाही. मी मोठा झालो, नोकरीले लागलो, मीही नाही गेलो.

परवा बाईंचा लोहाऱ्याचा पत्ता मिळाला. आज फराळाचा डबा घेऊन गेलतो. सुनेनं दार उघडलं.

"आई दोन वर्षांपूर्वीच गेल्या," ती म्हणाली. "दर दिवाळीला पिशवी भरून ठेवायच्या. म्हणायच्या, तांड्यावरून भाऊ न्यायला येईल."

आम्ही नुसतं बाई म्हटलं होतं. त्या बहीण होऊन बसल्या.

डबा तसाच परत आणला. सांगा, आता कोणाले देऊ?