सनद नागपूरला गेली होती

लाख वितळल्याचा वास आला की मला गोंदियातलं ते जुनं घर आठवतं. वडील शेजारच्या संस्थानात वकील होते. इकडे इंग्रजी मुलखात वकिली करायची तर तिकडची सनद देऊन नागपूरहून नवी घ्यावी लागे. लिफाफ्यावर लाखेची मोहोर करून त्यांनी जुनी सनद पाठवली, आणि त्या दिवसापासून ते ना तिकडचे वकील राहिले, ना इकडचे. त्याच आठवड्यात केशोरीकडची एक गोंड बाई दारात येऊन बसली. जंगलातलं सागवान तोडलं म्हणून तिच्या लेकाला धरलं होतं. “माझी सनद नागपूरला गेली आहे, बाई. मला कोर्टात बोलता येत नाही,” वडील म्हणाले. “सनद गेली नागपूरले, पर तू त अठीच आहेस ना? मंग बोलत काऊन नाही?” वडिलांनी कोर्टात घालायची पगडी खुंटीलाच राहू दिली आणि बोडक्या डोक्यानं ते तिच्यासोबत कचेरीत गेले. संध्याकाळी परत आल्यावर आईला म्हणाले, “पोराला शिक्षा झाली. मला बोलता आलं नाही, आणि ती सारा वेळ माझ्याकडंच बघत होती.” पुढे नवी सनद आली. ती त्यांनी चौकटीत घालून आपल्या खुर्चीमागं लावली. अशिलांना ती समोर दिसे, वडील मात्र जन्मभर तिच्याकडे पाठ करून बसले. आता त्या खुर्चीत मी बसतो. माझीही सनद मी मागंच लावली आहे.