तारांखालची फेक

आमची ही गेली त्याला आठ महिने झाले होते. एके सकाळी चौथ्या मजल्यावरची पोरगी दारात येऊन उभी राहिली. मागं अजून चार जणी, सगळ्या सातवी-आठवीतल्या. मी भांडी घासत होतो. पोरींनी आत वाकून बघितलं आणि एकमेकींना कोपर मारलं.

"आजोबा, आजींची फेक शिकवा ना."

"मी?"

"मग कोण? नवरा ना तुम्ही त्यांचे?"

नवरा असलं म्हणजे बायकोची कला आपोआप येते असं पोरींना वाटतं. मी दार लावून घेतलं.

फेक म्हणजे काय ते सांगतो. आमच्या घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतून जयंतीला मिरवणूक निघायची, तिच्यात बायकांचं लेझीम असायचं. पांढऱ्या साड्या, निळे फेटे. सगळ्यांच्या पुढं आमची ही एकटी, हातात स्टीलची दांडी. दांडी बोटांतून गरगर फिरवायची, मानेवरून पलीकडं काढायची, आणि चौक आला की वर फेकायची. दांडी वर असताना स्वतःभोवती गिरकी घ्यायची, हात पाठीमागं न्यायचा आणि झेलायची. वर एकदाही बघायची नाही. चाळीस वर्षं तिनं हे केलं आणि कुणाला शिकवलं नाही. कुणी मागं लागलं तर म्हणायची, "मी आहे ना अजून."

आता ती नव्हती. आणि जयंतीच्या कमिटीनं ठरवलं होतं की यंदा डीजेचा ट्रक पुढं आणि लेझीम ट्रकच्या मागं. ट्रकच्या मागं लेझीम म्हणजे बायकांनी नुसतं चालायचं, आपली हलगी आपल्यालाच ऐकू येत नाही. पोरी भांडायला गेल्या, तर कमिटीवाला म्हणाला, "पुढं राहून दाखवणार काय? आजी होत्या तोवर ठीक होतं."

"फेक जमली तर?"

"जमली तर पुढं चाला. जयंतीच्या आदल्या रविवारी दाखवा."

हातात पाच आठवडे होते.

पोरी दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. मी हाकलत राहिलो. मला खरंच येत नव्हतं हे एक. दुसरं म्हणजे, दुसऱ्या कुणाच्या हातात ते बघायची माझी तयारी नव्हती. हिच्याबरोबर गेलं तर जाऊ दे, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू.

दांडी हिला शाळेत मिळाली. अंधेरीला एका मिशनच्या शाळेत ही नववीपर्यंत शिकली. तिथं मुलींचा बँड होता. ड्रम, बिगूल, पांढरे स्कर्ट, लाल पट्टे, डोक्यावर पिसाच्या टोप्या, आणि सगळ्यांच्या पुढं दांडीवाली. ही तिला बॅटन म्हणायची. तेव्हा उपनगरांत अशा बऱ्याच शाळांचे बँड होते, सव्वीस जानेवारीला निघायचे, लोक दुकानं सोडून बघायला यायचे. हिच्या बापानं स्कर्टवरून घर डोक्यावर घेतलं, तर ही स्कर्टच्या खाली सलवार घालून गेली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, थंडी वाजते. अंधेरीत!

शाळा सुटली, दांडी शाळेतच राहिली. लग्न होऊन माझ्या घरी आली तर ही लाटणं फिरवायची. पीठ लागलेलं लाटणं, पोळी तव्यावर करपतेय आणि हिचं चाललंय. मी म्हटलं, थांब, तुला दांडी करून देतो. मी तेव्हा विक्रोळीच्या कारखान्यात टर्नर. सातवी नापास, पण लेथवर माझा हात कुणी धरायचा नाही. लांबी हाताएवढी लागते म्हणाली, म्हणून काखेपासून मधल्या बोटापर्यंत पट्टी लावून माप घेतलं. पाइप स्टीलचा, दोन्ही टोकांना नायलॉनचे गोळे. बरोबर मध्यावर बोट ठेवलं तर दांडी केसभर इकडं नाही की तिकडं नाही. असं काम मी साहेबालाही करून दिलं नसतं.

हिनं दोनदा फिरवली आणि परत माझ्या हातात दिली. "अहो, ही मेलेली आहे."

"काय?"

"दोन्हीकडं सारखी आहे. कुठलं टोक कुठं आहे ते हाताला कळत नाही. एक बाजू जड करा."

टर्नरला सांगतेय, मध्य चुकव! मी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी एक गोळा मोठा करून आणला. त्यानंतर ती दांडी हातात उड्या मारायला लागली.

पहिल्या वर्षी म्हातारे कुरकुरले. बाई मिरवणुकीपुढं काठ्या नाचवते, सर्कस आहे काय? ही म्हणाली, "लेझीम लोखंडाचं चालतं, मग माझी दांडी का नको?" एवढं बोलून ती दांडी फिरवत पुढं निघाली.

तर पोरींचं. दहाव्या दिवशी मी खाली गेलो. का गेलो? खालून सारखा दांडी आपटल्याचा आवाज येत होता आणि माझं डोकं उठलं होतं. जुनी वस्ती जाऊन तिथं आता तेवीस मजली बिल्डिंग झालीय, पार्किंगच्या वरती मोकळी जागा आहे. पोरी तिथं सराव करत होत्या. चौथ्या मजल्यावरची पोरगी लेझमांच्या पेटीतली हिचीच दांडी फेकायची, ती उंच आभाळात जायची, पोरगी खाली गोल फिरून डोकं धरून पळायची. बाकीच्या किंचाळायच्या. दांडी कुठं पडेल त्याचा नेम नाही.

"आजोबा, सांगा ना, आजी हात कसा न्यायच्या मागं?"

मी डोळे मिटून आठवायला लागलो. काहीच येईना. हात येईना, पाय येईना, चेहराही येईना. माझ्याच बायकोचा! फक्त दांडी दिसत होती, वर गेलेली.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी तिच्याकडं बघितलंच नाही कधी."

"चाळीस वर्षं?"

"दांडीकडं बघायचो."

मी कट्ट्यावर बसलो. घरी ताप, दवाखाना, शेवटचे महिने, त्या सगळ्यांत मी जितका रडलो नव्हतो तितका तिथं पोरींसमोर रडलो. त्यांनी पाणी आणून दिलं. एकीनं तोंड पुसायला स्वतःची ओढणी दिली.

मग चौथ्या मजल्यावरचीनं मोबाइल काढला. "आजोबा, आमच्याकडं व्हिडिओ आहेत, पण उपयोग नाही." बघितले. सगळे मोबाइल उभा धरून काढलेले. हिचा हात दिसतो, झेल दिसतो, पण दांडी वर गेली की चौकटीच्या बाहेर. आणि वरून कसलंतरी गाणं घातलेलं, त्यामुळं हलगीही नाही.

"आम्ही मागं रांगेत असायचो, फेट्यांमुळं काही दिसायचं नाही. आणि यात किती उंच जायची ते कळतच नाही," ती म्हणाली. "म्हणून मी जाईल तेवढी उंच टाकते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"उंच? कुठली उंच? अगं वर तारा होत्या!"

या पोरींनी वस्ती बघितलेलीच नाही. गल्ल्या अरुंद, आणि चौकातसुद्धा वर विजेच्या, टीव्हीच्या, टेलिफोनच्या तारांचं जाळं, काठी वर केली तर लागेल असं. एकदा दांडी तारेला लागली, ठिणग्या उडाल्या, सगळ्या गल्लीची वीज गेली. त्या दिवसापासून मी प्रत्येक जयंतीला श्वास धरून वर बघत उभा राहायचो. दुसरं काही बघायची हिंमतच नव्हती. म्हणून तिची फेक बुटकी होती, आणि तारा गेल्या तरी बुटकीच राहिली. बुटकी आणि जोरात. हवेत अडीच फेरे, बस, की हातात.

मी दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली, तारांच्या उंचीवर. "याच्या खालून. दोरीला लागली तर मेलीस."

"आजोबा, एवढ्यात गिरकी कशी होईल? वेळच नाही मिळत."

ते मला कुठं माहीत? पोरींनीच व्हिडिओ पुढं-मागं करून शोधलं. "हे बघा, आजी आधी वळायला लागतात, मग दांडी सोडतात. अर्धी गिरकी आधीच झालेली असते." मी बघितलं. खरंच. पदर आधी हलतो. आधी वळते, मग सोडते, आणि हसते. केवढी हसते. मी ते पंधरा-वीस वेळा बघितलं. पोरी थांबल्या माझ्यासाठी.

नंतर रोज सकाळी मी हलगीचा ताल तोंडानं धरायचो आणि फेरे मोजायचो. एक, दोन, अर्धा, घे! दोरीला दांडी लागली की ओरडायचो. पोरी मला "दोरीमास्तर" म्हणायला लागल्या, म्हणू देत. आदल्या रविवारी चौथ्या मजल्यावरचीनं कमिटीसमोर पाचातून तीनदा झेलली. कमिटीवाला डोकं खाजवत म्हणाला, "ट्रक मागं घ्या रे."

जयंतीला पहिल्या चौकात तिच्या हातून दांडी सुटली. डांबरावर खणखणली. पण हलगी थांबली नाही, पोरीनं तालावर वाकून दांडी उचलली आणि तिथंच परत फेकली. आधी वळली, मग सोडली. झेलली. बायकांनी अशी आरोळी ठोकली की डीजेवाला खाली वाकून बघायला लागला.

पुढच्या चौकात तिनं दांडी दुसऱ्या पोरीच्या हातात दिली. जी डावखुरी आहे तिच्या. मी चरकलो. ही असती तर दिली नसती, वर पाठीत धपाटा घातला असता. डावखुरीनं डावीकडून गिरकी घेतली, उलटी, हिनं कधी न घेतलेली, आणि दांडी बरोबर पाठीमागं हातात. मी तोंड उघडं टाकून उभा. मागून लेझीमवाली म्हणाली, "आजोबा, चला की, मधेच काय उभे राहता!"

मी चालायला लागलो. तिसरीही रांगेत तयार होती, फेटा सावरत.