चोवीस मामांची पाचवी ट्यूब

नर्सिंग कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काम केलेल्या माणसाचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सगळं कॉलेज त्यांना चोवीस मामा म्हणायचं. कारण कुणी काहीही विचारलं तरी मामांचं उत्तर ठरलेलं असायचं, "चोवीस तास थांबा." या पुवात कुठला जंतू आहे? चोवीस तास थांबा. तो कुठल्या औषधाला दाद देईल? चोवीस तास थांबा. मुलाने घरी येऊन, मला अमुक मुलगी पसंत आहे, असं सांगितलं तेव्हाही मामा म्हणाले, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्यांनी होकार दिला. मध्ये त्यांनी काय केलं म्हणाल, तर काहीही नाही. घाईत दिलेलं उत्तर त्यांना पचतच नसे, इतकंच.

मामांचं शिक्षण दहावी आणि पद परिचराचं. जंतूंसाठी खाणं शिजवायचं, ते काचेच्या नळ्यांत भरायचं, जंतू पेरून नळ्या उबेच्या कपाटात ठेवायच्या, आणि काम झालं की सगळ्यांना ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे भल्यामोठ्या कुकरमध्ये, वाफेवर मारून टाकायचं. "जेवू घालतो आणि मग उकडतो," असं ते स्वतःच सांगायचे. पण वर्गात प्राध्यापकांनी तासभर शिकवलेलं ज्यांच्या डोक्यावरून गेलं, त्या मुली मधल्या सुट्टीत मामांच्या धुण्याच्या खोलीत यायच्या. मामा हातातली ट्यूब विसळत विसळत सांगायचे.

"हे बघा, एका जंतूने जाड रजई पांघरलीय आणि दुसऱ्याने पातळ चादर. दोघांवर जांभळा रंग ओता, आयोडीनने तो पक्का करा, मग स्पिरिटने धुवा. रजईतला रंग निघत नाही, चादरीतला निघून जातो. वरून गुलाबी रंग दिला की चादरवाले गुलाबी दिसतात. पेनिसिलिन काय करतं, तर नवी रजई विणूच देत नाही. म्हणून आधी रंग बघायचा, मग औषधाचा विचार करायचा. आणि स्पिरिट ठेवायचं दहा आकडे मोजून. बारा नाही, पंधरा नाही. जास्त ठेवलंत तर रजईतलाही रंग धुऊन निघेल, आणि तुम्ही खुशाल सांगाल की हा चादरवाला."

"आणि रजई जुनी झाली तर?" एखादी चुणचुणीत मुलगी विचारायची.

"विरते. मग जांभळा धड टिकत नाही. म्हणून तर कल्चर, म्हणजे ट्यूबमध्ये वाढवलेले जंतू, चोवीस तासांचंच वापरायचं. माझ्या हातून शिळी ट्यूब कधी बाहेर गेलेली नाही."

हे शेवटचं वाक्य मामा थोडं छाती काढून म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं. ट्यूब भरली की तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीने तारीख टाकल्याशिवाय ती त्यांच्या हातातून सुटत नसे.

ट्यूबमधला जंतू रंगवून ओळखायच्या यंदाच्या फेरपरीक्षेला पाच जणी होत्या आणि त्यांच्यातली एक मामांची सून होती.

सून सहा वर्षं एका इस्पितळात आया होती. बेडपॅन उचलायचे, चादरी बदलायच्या, आणि नर्सने सांगितलेलं निमूट ऐकायचं. पण ही नुसती ऐकणारी नव्हती. अमक्या जखमेला वास येतोय, तमक्याचा ताप औषध बदलल्यावर उतरला, हे ती मनात टिपून ठेवायची आणि घरी येऊन सासऱ्याला त्याचं कारण विचारायची. चौतिसाव्या वर्षी तिने नर्सिंगला जायचं ठरवलं. मामांनी चोवीस तास घेतले आणि म्हणाले, "जा. घरचं आम्ही बघू." इस्पितळाने तिला शिकायला सोडलं, पण एका अटीवर: एकाच विषयात दोनदा नापास झाली तर शिक्षण बंद, परत बेडपॅन. मागच्या वर्षी तिची याच विषयात दांडी उडाली होती. जांभळे दिसायला हवे होते ते जंतू तिच्या स्लाइडवर गुलाबी आले. घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं आणि मामांनी चपला काढता काढताच निकाल दिला, "स्पिरिट जास्त ठेवलंस." एवढ्या एकाच प्रश्नाला त्यांना चोवीस तास लागले नव्हते.

ती वर्षभर रोज जेवणं झाल्यावर ताटं घासताना दहा आकडे मोजायचा सराव करत राहिली. त्याच वर्षात मामांनी तिला एक जुनी युक्तीही शिकवली. आपलं रंगकाम बरोबर झालं का हे कळायला साक्षीदार लागतो. आपल्या दातांवरच्या किटणात जांभळे आणि गुलाबी दोन्ही जंतू असतात. प्रयोगशाळेत तोंडाला हात लावायचा नाही, म्हणून बाहेरच स्वच्छ काडीवर ते घ्यायचं आणि स्लाइडच्या एका कोपऱ्यात ठिपका द्यायचा. कोपऱ्यातले जांभळे जांभळे राहिले तर स्पिरिट बरोबर. "परीक्षेत कुणी करत नाही हे," मामा म्हणाले होते, "पण माहीत असू दे."

सून परीक्षेला आहे हे मामांनी प्राचार्यांना आधीच लिहून दिलं होतं. प्राचार्य म्हणाले, "ट्यूब तुम्हीच करा, दुसरं आहे कोण? नंबर परीक्षक लावतील, आणि परीक्षेच्या वेळी तुम्ही आत जायचं नाही." परीक्षा सोमवारी होती, म्हणून मामांनी रविवारी येऊन पाच ट्यूब पेरल्या. सोमवारी निरोप आला की बाहेरच्या परीक्षक बाई बुधवारी येणार. मामांनी कुरकुर न करता मंगळवारी पाचही ट्यूब नव्याने पेरायला घेतल्या. स्टँडमधली रविवारची एकेक काढून तिच्या जागी नवी ठेवत चार झाल्या आणि शेजारच्या खोलीत ऑटोक्लेव्ह जोरात फुसफुसायला लागला. झाकणाची रबरी रिंग सटकली होती. मामांनी धावत जाऊन तो बंद केला, रिंग बसवली, हात धुतले, परत येऊन स्टँड उचलला आणि कपाटात ठेवला.

बुधवारी परीक्षक बाई आल्या. काटेकोर बाई. प्रत्येक ट्यूबवर त्यांनी आपल्या हाताने नंबराची चिठ्ठी चिकटवली, नेमकी तारखेवर. पाच जणींनी डब्यातून नंबर उचलले. सुनेला पाच नंबर आला.

मामा धुण्याच्या खोलीत बसले होते. दार लोटलेलं होतं, पण कान काही लोटलेले नव्हते. तासाभराने बाईंचा आवाज आला.

"आकार बरोबर आहे, द्राक्षांसारखे घोस दिसतायत. पण रंग? बराचसा गुलाबीच आहे. स्पिरिट किती वेळ ठेवलंत?"

"दहा आकडे मोजून, मॅडम," सुनेचा आवाज.

"सगळ्या असंच सांगतात. असू दे, वहीत लिहा काय लिहायचं ते."

मामांना सुनेचा असा राग आला की सांगता सोय नाही. वर्षभर कानीकपाळी ओरडून पुन्हा तेच! त्यांनी धुतलेलीच ट्यूब पुन्हा धुतली. मग रागाच्या जागी वाईट वाटायला लागलं. आता ही परत चादरी बदलायला जाणार आणि आपण तिला काय सांगणार?

परीक्षा संपली. मुली गेल्या. वापरलेल्या ट्यूब मारायला मामांच्या खोलीत आल्या. चिठ्ठ्या वाफेत भिजून त्यांचा लगदा होतो आणि मोरी तुंबते, म्हणून मामा आधी त्या सोलून काढत. पहिली सोलली, खाली मंगळवारची तारीख. दुसरी, तिसरी, चौथी, मंगळवार. पाचवी सोलली आणि मामांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.

रविवारची तारीख. अक्षर त्यांचंच.

त्यांना क्षणात सगळं उमगलं. ऑटोक्लेव्ह फुसफुसला, ते धावले आणि परत येताना पाचवी झाली असं धरून चालले. तारीख त्यांनी बघितली नव्हती, कारण तारीख चुकणं त्यांच्या बाबतीत होतच नसे. तीन दिवसांच्या विरलेल्या रजईवर ती पोर जांभळा रंग टिकवणार तरी कशी?

ऑटोक्लेव्हचं झाकण उघडं होतं. ट्यूब आत ठेवायची, झाकण लावायचं, अर्ध्या तासात जंतूही जातील आणि तारीखही. एकोणतीस वर्षांचं नाव शाबूत राहील. आणि बोलायला गेलं, तर कोण विश्वास ठेवणार? सून नापास व्हायला लागली तसं सासऱ्याला शिळं कल्चर आठवलं, असंच जो तो म्हणेल. आपल्याला असं वाटलंच कसं, याची मामांना लाज वाटली. त्यांनी झाकण लावून टाकलं आणि ट्यूब घेऊन सरळ परीक्षक बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, पाच नंबरची ट्यूब तीन दिवसांची होती. चूक माझी आहे. आणि पाच नंबर माझ्या सुनेला आला होता, हेही तुम्हाला माहीत असायला हवं."

बाईंनी चष्मा काढला. "मामा, हे कसं दिसतं हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. याच ट्यूबमधलं थोडं तुमच्या हाताने नव्या ट्यूबमध्ये पेरा. तुमची सही करा, कपाटाला कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे ठेवा. उद्या तुम्ही तोंडी परीक्षेला इथेच आहात. नवी आणि जुनी एकाच स्लाइडवर शेजारीशेजारी रंगवा. स्पिरिट दोघींना सारखंच लागेल. नवीही गुलाबी आली तर माझी सून नापास, आणि मी खोटारडा."

"आणि तोपर्यंत?"

"चोवीस तास थांबायचं," मामा म्हणाले. माणसांच्या बाबतीत त्यांची कधीमधी फसगत होई, पण जंतू काय करतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी नवी ट्यूब पेरायला बर्नर पेटवला.

त्या संध्याकाळी घरात सासरा आणि सून दोघंही गप्प. मामांनी भाजी चिरून दिली, सुनेने ती फोडणीला टाकली. ती अभ्यासाला बसली तेव्हा मामांनी पंखा तिच्याकडे वळवला. मुलगा एकदा वडिलांकडे, एकदा बायकोकडे बघून म्हणाला, "कुणी आजारी आहे का?"

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, बाईंनी स्वतः कुलूप काढलं, स्वतः स्लाइड रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नव्या ट्यूबमधले घोस गर्द जांभळे होते. जुन्या ट्यूबमधले मळकट गुलाबी, मधूनच एखादा जांभळा. बाईंनी सुनेची कालची वही मागवली. काल रंग बघूनच त्यांनी मत बनवलं होतं, शेवटचं पान वाचायचं राहिलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"रंग मिश्र आला आहे. स्लाइडच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या दातांवरचा नमुना ठेवला आहे. त्यातले जांभळे जंतू जांभळेच आहेत, म्हणजे स्पिरिट जास्त झालेलं नाही. आकारावरून हा जांभळा असणारा जंतू आहे. कल्चर चोवीस तासांपेक्षा जुनं असावं. ताजं करून पुन्हा तपासावं."

बाईंनी कालची स्लाइड काढली, उजवा कोपरा डोळ्याखाली आणला, आणि मामांना बोलावून म्हणाल्या, "तुम्हीच बघा." मामांनी बघितलं. कोपऱ्यातले ठिपके कसे ठसठशीत जांभळे होते. बाईंनी वहीवरचा आकडा खोडला आणि नवा घातला. तो उत्तीर्णाच्या बराच वर होता.

दुपारी दोघं पायी घरी निघाली. रस्त्याला सावली होती आणि मामा नेहमीपेक्षा हळू चालत होते.

"काल बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं. "तुला तर तिथेच कळलं होतं, माझी ट्यूब शिळी आहे."

"घरी सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्यासाठी बोलायला गेलात असं झालं असतं, बाबा. वहीत लिहिलं होतं. म्हटलं, आज तोंडीच्या वेळी मॅडमना एकदा ते पान बघायला सांगू."

मामा थोडे पुढे गेले आणि थांबले. कालपासून एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"मागच्या वर्षी कोपरा ठेवला होतास?"

"नाही. तेव्हा कुठे माहीत होतं मला."

"मग तेव्हा स्पिरिटच जास्त झालं होतं, हे कशावरून?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

याचं उत्तर चोवीस तास थांबूनही येणार नव्हतं. मागच्या वर्षीची ट्यूब केव्हाच वाफेवर जाऊन, धुऊन, पुन्हा भरली गेली होती. तिच्यावरची तारीख आता कुणालाच सांगता आली नसती. त्यांनी सुनेच्या खांद्यावरची पुस्तकांची पिशवी मागितली. ती नको म्हणाली, तरी घेतली.

"यापुढे माझ्या बोलण्यालाही साक्षीदार ठेवत जा," ते म्हणाले.

"यंदा ठेवलाच होता, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या चालीने चालू लागली.