गुळगुळीत डबा

कवळीबाईच्या पायाला भिंगरी आहे, असं तिचा नवरा म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देण्याचं काम ती तरुणपणापासून करत आलेली, म्हणून गल्लीत तिला हेच नाव चिकटलं होतं. बाई जेवायची उभ्याने, फोनवर बोलायची जिना चढता-उतरता. बाबांच्या खोलीत गेली तर पडदा सारखा कर, बाटल्या पूस, उशी बडव, एवढं करून टेकायच्या आत बाहेर. त्यात हल्ली डोक्यात एक भुंगा शिरला होता.

बाबा मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या शेपटाला जोडलेला लाकडी डबा, दोन्ही टोकांना छोटी गॅलरी, आत एक बाक, एक कंदील आणि बाबा. उभी नोकरी त्यात गेली. ते डबे कधीच मोडीत निघाले. आता बाबांच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं उरलं होतं आणि बोलणंही आटत चाललं होतं. एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले, "माझा डबा आता नीट आठवतच नाही गं. आठवायला गेलं की दुसराच कुठला तरी येतो."

बाकी काही विसरले असते तर तिने मनावर घेतलं नसतं. पण हे गेलं तर बाबांकडे राहणार काय? सगळं पुसून जायच्या आत त्यांचा डबा त्यांच्या हातात ठेवायचाच, असं तिने ठरवलं.

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचे शौकीन लोक सुट्या भागांचे संच आणून असे डबे जोडतात, हे तिला ठाऊक होतं. पण इंजिनांचे संच हवे तेवढे. गार्डचा डबा कोण मागतो? दुकानदार तिला बोगदे दाखवायचे, पूल दाखवायचे, एकाने तर अख्खं स्टेशनच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. शेवटी एका मेलेल्या शौकिनाच्या बायकोकडे माळ्यावर दोन संच सापडले. पहिला तिने प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत बसून जोडला. हात काय, कसलेला. प्रत्येक सांधा असा बसवला की नख अडकू नये.

बाबांनी डबा हातात घेतला, बोटं फिरवली, परत दिला. "छान आहे. पण हा माझा नाही."

रंग चुकला असेल, म्हणून तिने तो पुन्हा रंगवला. मग आणखी गडद. मग दुसरा संच जोडला, पहिल्यापेक्षा सफाईदार. बाबांनी भिंतीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा तर कवळीसारखा झालाय."

"बाबा, जीव ओतलाय मी त्यात! रंग तरी बरोबर आहे ना?"

"मला दिसतोय कुठे रंग?"

ती तरातरा बाहेर आली ती नवऱ्यावर घसरली. "यांना काही पसंतच पडायचं नाही!"

"मला का झापतेस?" नवरा म्हणाला. "मी कुठे डबा नापसंत केला?"

कामावरही तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका म्हाताऱ्याची कवळी घासून झाली, आणि तिने नेहमीप्रमाणे डोळे मिटून ती बोटाने तपासली. कवळी अशीच तपासायची असते. डोळ्यांना न दिसणारं टोक बोटाला सापडतं आणि तेच हिरडी सोलतं. डोळे मिटलेलेच राहिले. बाबा असंच तर बघतात! आणि आपण काय केलं? फळ्यांमधल्या खाचा, पायऱ्यांच्या कडा, खिळ्यांची डोकी, सगळं टोचेल म्हणून घासून टाकलं. ती स्वतःवरच इतकी चिडली की कवळी हातातून निसटता निसटता राहिली.

तिसरा संच मिळवताना नाकी नऊ आले. दुकान बंद करणाऱ्या एका माणसाकडे शेवटचा होता, तोही फाटक्या खोक्यातला. तो जोडताना तिला जो त्रास झाला तो पहिल्या दोन्हींत मिळून झाला नव्हता, कारण या खेपेला काहीच घासायचं नव्हतं. हात आपोआप कानशीकडे जायचा. दाराच्या दांडीला साच्यातलं एक बारीक टोक राहिलं होतं. ते पाहून तर तिला खाज सुटल्यासारखं व्हायचं. कानस उचलायची, ठेवायची, खोलीभर फेऱ्या मारायची.

शेवटी तसाच डबा तिने बाबांच्या मांडीवर ठेवला आणि खाटेपाशी उभी राहिली. कानस ॲप्रनच्या खिशात होतीच.

बाबांची बोटं पायरीवरून गॅलरीत चढली, फळ्या मोजल्यासारखी सरकली, दाराशी आली आणि दचकली. बोटावर रक्ताचा थेंब आला.

"आणा इकडे, घासून देते!" तिने कानस काढलीसुद्धा.

बाबांनी डबा पोटाशी धरला. "हात लावू नकोस! हाच माझा. इथेच एक खिळा होता, कोट फाटायचा माझा त्यावर. घरी आलो की तुझी आई शिवायची आणि बडबडायची, तो मेला खिळा ठोकून का घेत नाही म्हणून."

"मग का नाही घेतलात?"

बाबा हसले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

"तीही तुझ्यासारखीच, एका जागी ठरायची नाही. कोट माझ्या अंगावरच शिवायची. तेवढा वेळ जवळ उभी राहायची."

कवळीबाईने कानस खिडकीत ठेवली. मग खुर्ची ओढली आणि बसली.