कै. चंद्रव्वा यांची गाणी

आमच्या गल्लीत चंद्रव्वा नावाचं कुणी राहत नाही, असं मी त्या मुलाला अगदी ठामपणे सांगितलं. अख्खी नोकरी महापालिकेच्या शाळेत गेल्यामुळे माझा सूर तसाही ठामच असतो. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे कान मी पिरगाळलेले आहेत. त्यांच्या आयांची नावं मला पाठ आहेत, आज्यांचीही. त्यात चंद्रव्वा नव्हती.

"राहत नाहीत हो काकू, राहत होत्या," मुलगा म्हणाला. "त्या वारल्या. त्यांच्या घरचं कुणी भेटतंय का, ते बघायला आलोय."

त्याचं नाव अवधूत. मूळचा बार्शीचा, इथल्या एका कॉलेजात संगीत शिकवतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांमध्ये एक लोककवयित्री होऊन गेली, तिची गाणी त्यानं म्हाताऱ्या कामगारांकडून गोळा केली होती. सई नावाच्या गायिकेची ती गाऊनही झाली होती आणि आता त्यांचा अल्बम निघणार होता. त्यानं फोनवर मुखपृष्ठ दाखवलं. लाल-पिवळ्या सुताच्या चित्रावर लिहिलं होतं, 'कै. चंद्रव्वा यांची गाणी. कष्टकऱ्यांच्या कवयित्रीला आदरांजली.'

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आपल्या गल्लीत एक कवयित्री होऊन जाते आणि आपल्याला पत्ता नसतो! मी ते मोठ्यानं वाचलं. माझं मोठ्यानं वाचणं म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जातं.

समोरच्या उंबऱ्यावर अव्वा बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपानं आणि तंबाखू, आणि बोटं आपली विड्या वळतायत, जशी रोज दुपारी वळतात. तिची बोटं थांबली.

"काय वाचलं बाई? कोण गेली?"

"चंद्रव्वा म्हणून कुणी होती, अव्वा. गाणी करायची."

"चंद्रव्वा तर मीच की," अव्वा म्हणाली.

मी हादरले. अवधूतनं हातातल्या फोनकडं पाहिलं, मग अव्वाकडं पाहिलं आणि फोन उलटा करून छातीशी धरला. बिचाऱ्याला ते 'कै.' लपवायचं होतं. मला मात्र वेगळाच धक्का बसला होता. इतकी वर्षं समोरासमोर दारं, हिच्या शेंगाचटणीवर माझ्या कितीतरी भाकरी संपल्या, आणि हिला नाव आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लहानथोर सगळे तिला अव्वाच म्हणायचे. मीही म्हणायचे.

अव्वा मंद्रूपकडच्या वाडीवरची. माहेरी मेंढरं, घरात बोलणं कानडी. लग्न होऊन सोलापुरात आली आणि सासूनं मांडीवर सूप दिलं, ते अजून तिथंच आहे. दोन लेकी उजवल्या, त्याही विड्या वळूनच. आणि गाण्याचं म्हणाल तर हळदीला गल्लीतल्या सगळ्या बायका गळे काढून गात असतात तेव्हा ही आत चहा गाळत असते. तिला मी एकदाही गुणगुणताना ऐकलेलं नाही.

"मला गाणं येतंय व्हय?" ती अवधूतला म्हणाली. "दुसरी कुणी असंल बाळा. चंद्रव्वा काय, ढिगानं हायत आमच्यात."

"पण कारखान्यातल्या म्हाताऱ्यांनी पत्ता हाच दिला, आजी. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी नाव आहे बघा, चंद्रव्वा म्हणे."

हे मला पटलं. शेवटच्या ओळीत ज्याचं नाव तो कवी, हे आम्हीच तर शाळेत शिकवतो. अवधूतनं फोनवर एक गाणं लावलं. सईचा आवाज गोड होता.

*धोटा गेला, धोटा आला, दिवस गेला मधी,*
*माज्या वाटणीचा उजेड मी बघायचा कधी?*
*मनगटावर डाग तव्याचा, भाकर बांधून देती,*
*चंद्रव्वा म्हणे, घरला या, रात निम्मी होती.*

"अय्यो!" अव्वाच्या हातातली विडी खाली पडली. तिनं घाईघाईनं पदर ओढून डावा हात झाकला. त्या मनगटावर तव्याचा जुना, काळपट डाग आहे, तो मी कैकदा पाहिलाय. तिचा चेहरा असा झाला होता की जणू भर गल्लीत कुणी तिच्या घराची भिंतच काढून नेली.

"हे कुणी सांगितलं तुमाला?" तिनं विचारलं.

अवधूतनं लगेच गुरुलिंग नावाच्या गृहस्थाला फोन लावला. हे म्हातारे अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे मागांची दुरुस्ती बघायचे. बरीच गाणी त्यांनीच सांगितली होती. अवधूतनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला, त्यामुळे पुढचं सगळं आम्ही तिघांनी ऐकलं.

"काका, तुम्हीच म्हणालात ना, चंद्रव्वाची गाणी म्हणून?"

"व्हय, तिचीच की. तिच्यावरची. केल्यात येडूनं, तिच्या नवऱ्यानं."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी इचारलं, चंद्रव्वा हायत का? मी म्हणलं, आता कोण कुटं हाय बाबा, कारखानाच राह्यला न्हाय. तुमी लगीच मान खाली घातली."

गुरुलिंगकाकांनी मग नीट सांगितलं. यंत्रमागांवर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यांच्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ बघून बोलायची. कुठं दोरा तुटला, कुणाची पोरगी आजारी आहे, सगळं ओठांवर. आणि येडू मागापाशी उभा राहून ओठांवर गाणी म्हणायचा. समोरचे बघायचे, त्यांच्याकडं बघून पलीकडचे शिकायचे. आवाज येडूनं कधी काढलाच नाही.

"मग चाल?" अवधूतनं जवळजवळ रडत विचारलं.

"चाल कसली? ज्यानं त्यानं घरी जाऊन आपापली लावली की."

अवधूत मटकन माझ्या पायरीवर बसला. एकाच गाण्याच्या त्याला तीन वेगवेगळ्या चाली मिळाल्या होत्या. त्यावर त्यानं पुण्यात जाऊन भाषणही ठोकलं होतं. दुसऱ्या कुणाची अशी फजिती झाली असती तर मी आठवडाभर हसले असते. पण माझं लक्ष अव्वाकडं होतं आणि मला हसू येत नव्हतं.

कारण येडूमामा आम्हाला सगळ्यांना माहीत होते. अत्यंत अबोल माणूस. मागांनी त्यांचे कान पार नेले, त्यालाही कैक वर्षं झाली. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं ते टक लावून बघतात, म्हणून नवीन माणसं बिचकतात. आणि घरात ते अव्वाला 'अगं ए' म्हणत. पाहुणे असले तर 'ऐकलं का'. ह्या माणसानं गाणी केली? तीही अशी?

तेवढ्यात मामा भाजीची पिशवी घेऊन आलेच. अव्वा उठली. सूप बाजूला ठेवून उठली, हेच मी पहिल्यांदा पाहत होते.

"कारखान्यात माजं नाव घेतलं तुमी? परक्या बापयांपुढं? माजा हात भाजल्यालासुदिक सांगितलं?"

मामांनी तिचे ओठ पाहिले. त्यांना सगळं कळलं, कारण त्यांनी पिशवी हळूच जमिनीवर ठेवली. बहिऱ्या माणसाचा आवाज एरवी मोठा असतो. त्या दिवशी ते पुटपुटले.

"तितं कुणाला ऐकू येत न्हवतं की."

ह्यावर अव्वानं पाठ फिरवली. आत गेली आणि दार लावून घेतलं. मामा भाजीसकट बाहेर.

मग सगळा घोळ सुरू झाला. अव्वानं अवधूतला स्पष्ट सांगितलं, माझं नाव गाण्यांतून काढा. अवधूत मामांकडं गेला. मामा म्हणाले, "तिचं नाव काढलं तर गाणीबी काढा. उरतंय काय त्यात?" मुखपृष्ठावर स्वतःचं नाव घालायलाही ते तयार होईनात. बिचाऱ्याकडं गाणी होती, गायिका होती, हॉल ठरला होता. फक्त कवीच्या जागी कुणाचं नाव घालावं हे समजत नव्हतं. तिकडं गुरुलिंगकाका आणि त्यांचे जुने सोबती रोज फोन करून विचारत होते, कधी निघतोय म्हणून. त्यांच्या कारखान्याच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे. ही गाणी सोडली तर त्यांच्याकडं तिथलं काही उरलेलं नाही. अव्वा नाही म्हणाली तर तीही गेली.

मी अव्वाला झापायला गेले. मला झापायचंच होतं.

"अव्वा, जगात बायकांची नावं पुसून टाकतात. तुझं कुणी एवढं जपलं, तर तूच पुसायला निघालीस?"

ती विडी वळत राहिली. मग म्हणाली, "तुमी बाई हजेरी घेणाऱ्या. तुमाला समद्यांनी यशोदाबाई म्हणलं. माजं नाव बाप गेल्यावर कुणी घेतलंच न्हाय. मलाबी इसर पडला हुता." तिनं दोऱ्याची गाठ मारली. "डबा द्यायला गेटावर गेले की ती माणसं बाजूला सरायची, खाली बघून हसायची. मला वाटायचं, माजं लुगडं फाटलंय. मी मागनं फुडनं बघायची. समद्यांना ठावं हुतं बाई. मला सोडून समद्यांना दावलं त्यांनी. नावाचं मला वाईट न्हाय वाटत. ह्याचं वाटतंय."

झापायला आलेली मी तिच्या सुपातल्या विड्या मोजत बसले. वर्गात माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. मला लाज वाटत होती ती तिचं नाव माहीत नसल्याची, आणि अव्वाचं दुःख वेगळंच होतं.

प्रकाशन दोन दिवसांवर आलं तेव्हा अवधूत सकाळीच येऊन माझ्या घरी बसला. हो की नाही, तेवढं विचारा म्हणाला. मी समोर गेले. मामा भिंतीला टेकून बसले होते, अव्वा चुलीपाशी. मला बघून अव्वा म्हणाली, "बरं झालं आला. हितंच थांबा, साक्षीला." आणि मामांकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा सुटा करत, "म्हणा आता. तितं म्हणत व्हता तसं. माज्यापुढं."

मामा घाबरले. मी खरंच सांगते, तो माणूस घाबरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी उठून दाराशी गेले आणि बाहेर बघितल्यासारखं केलं. पाठीमागं मामा उभे राहिले. मला राहवलं नाही, मी वळून पाहिलं.

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि मागापाशी उभं राहावं तसे उभे राहिले, एक पाय जरा पुढं. ओठ हलू लागले. आवाज काही नाही. मधूनच त्यांची दोन बोटं हवेत तुटका दोरा जोडून येत होती, ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. गल्लीत कुणाचा तरी मिक्सर चालू होता. अव्वा त्यांच्या तोंडाकडं बघत होती, कपाळाला आठ्या घालून. तिला काही कळत नव्हतं. मलाही नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन मामांना थांबवणार होते.

ओठ थांबले. अव्वा पुढं सरकली.

"शेवटचं काय म्हणला? परत म्हणा."

मामांनी परत ओठ हलवले.

अव्वानं आपल्या ओठांवर बोटं ठेवली आणि तसेच हलवून बघितले. एकदा. मग अजून एकदा, सावकाश. तिचा चेहरा बदलला. "हे माजं," ती म्हणाली. "हे माजं नाव हाय."

मामांनी मान हलवली.

अव्वानं ओठांवरची बोटं खाली घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, त्या पोराला सांगा, नाव राहू दे. आन ते कै. तेवढं काढ म्हणावं."

मी निघायला हवं होतं, पण माझा पाय निघेना. अव्वा मामांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात एकदाच घेतलं असेल, लग्नात, उखाण्यात, चार बायकांनी अडवून धरल्यावर. तिनं मान वर केली आणि आवाज न काढता, नीट, दोनच अक्षरांपुरते ओठ हलवले.

येडूमामा असे दचकले, की त्यांनी पहिल्यांदा दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

दारात मीच होते. मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते.